आमच्या घरातले प्लास्टिक जाते कुठे?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात जी झाडलोट निघते, तिला घरातली पुरुषमंडळी ‘संकट’ म्हणतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, पलंग भिंतीपासून सरकतात आणि वर्षभर ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या वस्तूंचा निकाल लागतो. गेल्या वर्षी त्या झाडलोटीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगताना मला लाज वाटते. पण ती सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माळ्यावर सासूबाईंच्या वेळचा एक कंदील होता. तो खाली घेताना त्याची काच निसटली आणि फरशीवर तिचे शंभर तुकडे झाले. नातू घरात अनवाणी हिंडत होता. मी घाईघाईने तुकडे गोळा केले, साडीच्या दुकानातून मिळालेल्या एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरले, घट्ट गाठ मारली आणि ती पिशवी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. नातवाच्या पायाला काच लागू नये एवढीच काळजी मनात होती. ती पिशवी पुढे कुणाच्या तरी हातात जाणार आहे, हा विचार मनाला शिवलाही नाही. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान आणि नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईची ही गोष्ट!

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी उजव्या हाताला फडके गुंडाळून आल्या.

“काय झालं हो मावशी?”

“काही नाही काकू. काच लागली.”

“कुणाच्या घरची?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि डबा उचलला. “असू द्या. पिशवी सोडताना मीच बघायला पाहिजे होतं.”

त्या गेल्यावर मी गॅलरीतून खाली पाहिले. त्यांच्या ढकलगाडीच्या दांडीला तीच साडीच्या दुकानाची पिशवी अडकवलेली होती. जाड होती, कामाची होती, म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली असावी. तिच्या कडेला तपकिरी डाग वाळलेला होता.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत एका कागदावर सह्या घेतल्या जात होत्या. एक ठेकेदार रोज गाडी पाठवायला तयार होता. सगळा कचरा एकत्र टाकायचा, वेगळा करायची कटकट नाही, दारोदार कुणी येणार नाही आणि पैसेही थोडे कमी. म्हणजे मावशींना नको म्हणायचे. त्या कागदावर वरून चौथी सही माझी होती.

पिशव्या वाळत घालण्याचे दिवस

माझे लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. त्या काळी घरातून बाहेर टाकायला असे काही नसेच. वाणसामान कागदाच्या पुड्यांत यायचे. पुडीचा दोरा आई एका रिळावर गुंडाळून ठेवी. रद्दी रद्दीवाल्याकडे, डबे-बाटल्या डबा-बाटलीवाल्याकडे आणि जुनी लुगडी बोहारणीकडे. प्लास्टिकची पहिली बादली आमच्या घरी बोहारणीकडूनच आली. दोन जरीच्या साड्या देऊन आईने ती लालभडक बादली घेतली, तेव्हा शेजारच्या बायका ती बघायला आल्या होत्या.

लग्न होऊन सासरी आले, काही वर्षांनी दूध प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागले. सासूबाई ती पिशवी कोपऱ्यात कापत, दूध ओतले की आत पाणी घालून विसळत आणि ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून ठेवत. वाळली की आपोआप गळून पडे. महिनाअखेर पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत जाई. त्याचे जे काही चार-दोन रुपये येत, ते एका डबीत साठत आणि दिवाळीला मुलांच्या फुलबाज्यांना उपयोगी पडत. ‘पुनर्वापर’, ‘पर्यावरण’ असले शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. वस्तू फुकट घालवू नये, इतकेच त्यांना ठाऊक होते.

ती सवय आमच्या घरातून कधी गेली, ते मला आठवत नाही. पैसे बरे मिळू लागले, वेळ कमी पडू लागला. आता पोहे, रवा, तेल, शेव सारे पिशवीतून येते; मोबाईलवर मागवलेल्या वस्तू तर पिशवीतल्या पिशवीत येतात. मावशींचा हात पाहिल्यावर मी घरातले सारे प्लास्टिक आठ दिवस गॅलरीत साठवून पाहिले. चार माणसांचे घर आमचे. आठ दिवसांत एक मोठी गोणी तुडुंब भरली. आणि काट्यावर ठेवली तर अर्धा किलोही भरली नाही!

इथेच या वस्तूची खरी अडचण आहे. प्लास्टिक जागा खाते फार आणि वजन देते थोडे. भंगाराच्या दुकानात भाव मात्र किलोवर मिळतो. एक किलो भरायला पाण्याच्या लिटरभर मापाच्या चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. दुधाच्या पिशव्या तर शेकड्यांनी. त्या किलोसाठी मावशी किती जिने चढत असतील, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

मावशींची शाळा

ती गोणी मी मावशींना दिली आणि म्हटले, “मावशी, याचं पुढे काय करता ते मला बघायचंय.” त्या हसल्या. म्हणाल्या, “या की. पण चांगली साडी नेसून येऊ नका.”

रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड. तिथे पाच-सहा बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आमच्यासारख्यांच्या घरांतले ढीग. मावशींनी माझी गोणी ओतली. हात असे चालले की मला वाटले, पत्ते वाटताहेत. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या एकीकडे. शांपूच्या, फिनेलच्या अपारदर्शक बाटल्या दुसरीकडे. त्यांना त्या ‘फुगा’ म्हणतात, कारण त्या साच्यात हवा फुगवून बनवलेल्या असतात. टचकन मोडणारे डबे आणि कप म्हणजे ‘कडक’. दुधाच्या पिशव्यांचा ढीग निराळा. एखाद्या वस्तूचा संशय आला तर त्या बोटांनी चुरगाळून आवाज ऐकायच्या.

मी शाळामास्तरीण, मला बाटलीच्या बुडाशी असलेला त्रिकोण आणि त्यातला आकडा ठाऊक होता. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली हे आकडे सुरू केले. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट. २ म्हणजे शांपूच्या बाटलीचे जाड पॉलिथीन. ३ म्हणजे नळांचे पीव्हीसी. ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचे मऊ पॉलिथीन. ५ म्हणजे डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आणि उरलेले सारे ७. मी ऐटीत मावशींना ते समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “पण काकू, आकडा घासून गेला तर?” मी गप्प झाले. त्यांना आकड्याची गरजच नव्हती.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते की, त्रिकोण आहे म्हणजे ती वस्तू नक्की पुन्हा वापरात येणार. तसे काही नाही. तो आकडा फक्त जात सांगतो. वस्तू पुन्हा वापरात येणार की नाही, हे ती किती स्वच्छ आहे, कुणी वेगळी काढली आहे आणि तिला गिऱ्हाईक आहे की नाही यावर ठरते.

माझ्या गोणीतला जवळजवळ तिसरा हिस्सा मावशींनी बाजूला सारला. वेफर्सची, बिस्किटांची, मसाल्याची चकचकीत पाकिटे. “ह्याला कोण घेत नाही,” त्या म्हणाल्या. त्याचे कारण मी नंतर वाचून काढले. त्या पाकिटात निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वेफर्स कुरकुरीत राहतात खरे. पण ते थर पुन्हा सुटे करणे कुणाला परवडत नाही. अशी पाकिटे फार तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळायला जातात. नाहीतर डेपोवर पडून राहतात.

जे विकले जाते त्याचा प्रवास मात्र मोठा आहे. भंगारवाल्याकडून ते मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्यात. पाण्याच्या बाटलीचे टोपण निराळ्या प्लास्टिकचे असते. बाटलीचा चुरा करून पाण्यात टाकला की टोपणाचे तुकडे तरंगतात आणि बाटलीचे बुडतात. घरी नातवाला मी बादलीत हा प्रयोग करून दाखवला. कारखान्यातही हाच गुण कामी येतो. मग तो चुरा गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतात, वाळवतात आणि वितळवून त्याचा धागा काढतात. उशीतला कापूस, सतरंजी, खेळाडूंचे सदरे यांत तो धागा येतो. जाड बाटल्यांचा आणि डब्यांचा ‘दाणा’ होतो आणि त्यातून पुन्हा बादल्या, मग, पाइप निघतात. दर फेरीला मालाचा कस मात्र थोडा उतरतो. रंग एकमेकांत मिसळले की काळ्या-तपकिरी वस्तूंवाचून दुसरे काही होत नाही. तेव्हा प्लास्टिक हवे तेवढे वापरा, ते परत येईलच, असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नव्हे. आधी कमी वापरायचे; आणि वापरले तर धड स्थितीत परत करायचे.

कचराकुंडीतून दारापर्यंत

मावशींची आई १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्याला आली. आधी बांधकामावर माती वाहिली, मग कचराकुंड्यांतून कागद आणि पत्रा वेचू लागली. मावशी लहानपणी आईबरोबर जात. “तेव्हा कुंडीत वाकावं लागायचं. भात, आमटी, मेलेला उंदीर, सगळं एकात एक. त्यातून काढलेल्या पिशवीला कोण भाव देणार? वर पोलीस चोर समजायचे, ते निराळंच.”

पुण्यात हे चित्र ज्या घटनेने पालटू लागले, ती १९९३ सालची. एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या या बायकांपर्यंत पोचल्या होत्या. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली या बायकांचा मेळावा भरला आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. मावशींच्या आईने ते ओळखपत्र देवाच्या फोटोमागे ठेवले होते. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात, या बायका शहराची केवढी सेवा मोबदल्याशिवाय करतात, याचा हिशेब मांडला गेला.

दुसरा टप्पा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा. २००७ साली ती स्थापन झाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. या बायका कुंडीत वाकण्याऐवजी आपल्या दाराशी येऊ लागल्या. घराघराने त्यांना महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि सुक्या कचऱ्यातले जे विकले जाईल त्याची कमाई त्यांची. पुढे या संस्थेतल्या कष्टकऱ्यांची संख्या तीन हजारांवर गेली. वाचकांनी यातली मेख लक्षात घ्यावी. कुंडीतून चिखलाने भरून निघणारे प्लास्टिक दारातूनच कोरडे मिळू लागले, तेव्हा पूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हते असा मालही विकण्याजोगा झाला. नुसत्या यंत्रांवर हा धंदा वाढत नाही. तो वाढतो दाराशी वेगळ्या ठेवलेल्या डब्यावर.

कायदेही होत गेले. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली, तेव्हा गटारांत तुंबलेल्या पातळ पिशव्यांकडे साऱ्यांचे बोट गेले. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे हे कचरा करणाऱ्याचे कर्तव्य ठरवले. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि एकदाच वापरायच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर तशी काही वस्तूंवर बंदी आली. कायदा दुकानापर्यंत जातो. आपल्या ओट्याखालच्या डब्यापर्यंत तो कुणाला पाठवणार?

सोसायटीची सभा

दिवाळीनंतरच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. ठेकेदाराचा विषय निघाला. मी उभी राहिले.

चिटणीस म्हणाले, “काकू, तुमची तर सही आहे यावर.”

“होती. ती परत घ्यायला उभी आहे.”

बोलायची सवय असूनही माझा आवाज कापत होता. मी काचेची गोष्ट सांगितली. पिशवी माझ्या घरची होती हेही सांगितले. मग म्हटले, “सगळं एकत्र गाडीत टाकलं की आपली कटकट जाईल खरी. पण आमटीत भिजलेली पिशवी पुन्हा कोण वेगळी काढणार आहे? ती सरळ डेपोवर जाईल. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा वर्षानुवर्षं सोसला, शेवटी गाड्या अडवायला ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या दारात टाकून आपलं घर स्वच्छ झालं, असं म्हणायचं का?”

एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे आता आम्ही पिशव्या धूत बसायच्या?”

मागून आवाज आला, “आमची आई धूत होती.” तो माझा मुलगा होता. खरे तर धुणारी त्याची आजी. पण त्या क्षणी मी ती चूक दुरुस्त केली नाही.

निर्णय सहा महिने लांबणीवर पडला. अट अशी की, तेवढ्यात सगळ्यांनी कचरा नीट वेगळा करून दाखवावा. सहा महिन्यांनी मते घेतली, तेव्हा मावशी दोन मतांनी राहिल्या. आज आमच्या बत्तीस बिऱ्हाडांपैकी एकवीस बिऱ्हाडे वेगळा, कोरडा कचरा देतात. उरलेल्या अकरांत माझे सख्खे शेजारीही आहेत. त्यांच्याशी माझे बोलणे बंद नाही. डबे उघडून पाहणे मात्र मी बंद केले आहे, कारण त्यावरून भांडण झाले होते.

या दिवाळीत ज्या घरांना हे करून पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी मावशींनी मला शिकवलेले चार धडे देते. दुधाची, तेलाची, दह्याची पिशवी वा डबा खरकट्या पाण्यानेच विसळावा. त्यासाठी नळ सोडू नये. पिशवीचा कोपरा कापावा, पण तोडून काढू नये. तो चिमुकला तुकडा कुणाच्या हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. फुटकी काच, पाती, सुया कागदाच्या जाड घड्यांत किंवा खोक्यात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत लिहून, हातात द्याव्यात. बाळाचे लंगोट आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून निराळे ठेवावेत. ते उघडून पाहायची पाळी कुणावरही येऊ नये. आणि फराळाचे सामान आणायला निघताना कापडी पिशवी आणि दोन डबे बरोबर घ्यावेत. आमचा वाणी पहिल्या दिवशी हसला, आता तोच विचारतो, “डबा आणला नाही का आज?”

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आता एक दोरी आहे. तिच्यावर चिमट्यांनी लावलेल्या पिशव्या वाळत असतात. सुनेला आधी ते आवडले नव्हते. “पाहुणे काय म्हणतील?” असे ती म्हणाली. परवा तिची मैत्रीण आली, तेव्हा तीच तिला पेट कुठले आणि पॉलिथीन कुठले ते समजावत होती.

गेल्या दिवाळीत, त्या सभेच्या आधी, मी मावशींकडे फराळ घेऊन गेले होते. दर वर्षी मी त्यांना जुनी साडी देत असे. त्या वर्षी साडी न्यायचे धैर्य झाले नाही. हातावरची जखम भरत आली होती. मी म्हटले, “मावशी, ती पिशवी माझ्या घरची होती.”

“ठाऊक होतं मला,” त्या म्हणाल्या. “पण काकू, तुम्ही विचारलंत ‘कुणाच्या घरची’ म्हणून. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर मी कशाला सांगू?”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मावशी. एका हातात कचऱ्याची बादली आणि दुसऱ्या हातात माझा फराळाचा प्लास्टिकचा डबा.

“धुतलाय आणि पुसलाय,” त्या म्हणाल्या. “बघून घ्या.”